आधी वस्त्र, मग धम्म

बौद्ध माणसाने रडू नये, असा एक समज आहे. बाहेरच्यांचा आहे, तसा आमच्यातल्याही पुष्कळांचा आहे. माझे यजमान गेले तेव्हा तो दोन्ही बाजूंनी माझ्या वाट्याला आला. नागपूरहून धाकट्या भावाचा फोन आला, "ताई, सगळं अनित्य आहे, तुला मी काय सांगू?" आणि नोएडातल्या आमच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या पंजाबी शेजारीणबाई लिफ्टमध्ये म्हणाल्या, "आप लोग तो बुद्धिस्ट हो, आप में तो रोना-धोना होता नहीं ना?" भावाचं वाक्य तत्त्व म्हणून अगदी बरोबर होतं, शेजारणीचं साफ चूक. तरी मला संताप आला तो भावाचा. शेजारणीचा नाही आला. असं का, ते पुढे ग्रंथ वाचताना उमगत गेलं.

मी नागपूरच्या इंदोऱ्याची. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी दीक्षा दिली तेव्हा आजोबा त्या मैदानावर होते, त्यामुळे वंदना, पंचशील, बावीस प्रतिज्ञा हे सगळं लहानपणापासून कानावर. केंद्र सरकारच्या नोकरीसाठी दिल्लीत आले आणि इथलीच झाले. पाठ असलेलं सगळं अंगावर प्रसंग आल्यावर कामी येतंच असं नाही. हे गेल्यावर मी पाली ग्रंथांची मराठी-हिंदी भाषांतरं घेऊन बसले आणि एकच प्रश्न धरून वाचत गेले: शोकाने मोडलेलं माणूस समोर आलं, तेव्हा बुद्धांनी सगळ्यात आधी काय केलं?

पटाचाराचं उपरणं

किसा गोतमीची गोष्ट आपल्याकडे शाळकरी मुलालाही माहीत असते. मेलेलं मूल कडेवर घेऊन ती औषध मागत फिरते, बुद्ध तिला मूठभर मोहरी आणायला सांगतात, मात्र जिथे कोणी मेलेलं नाही अशाच घरातून. गोष्टीचं तात्पर्य सगळे सांगतात, की मरण कोणालाच चुकलेलं नाही. पण हे तात्पर्य बुद्ध तिला पहिल्या भेटीत सांगत नाहीत. ते तिला काम देतात. दारोदार जायचं, प्रत्येक घरात विचारायचं, प्रत्येक घरातलं गेलेलं माणूस ऐकायचं. श्रावस्तीच्या घराघरांत तिला आपल्यासारखीच माणसं भेटली. मग ती मुलाला स्मशानात ठेवून परत आली. उपदेश त्याच्यानंतरचा.

पटाचाराची गोष्ट तेवढी कानावर येत नाही. धम्मपदाच्या अट्ठकथेत ती सविस्तर आहे. श्रावस्तीच्या श्रीमंत घरातली ही मुलगी घरच्या नोकराबरोबर पळून गेली. दुसऱ्या बाळंतपणासाठी माहेरी निघाली असताना वाटेत पाऊस लागला. आडोसा करायला फांद्या तोडणाऱ्या नवऱ्याला साप चावला. पूर आलेली नदी ओलांडताना तान्हं बाळ घारीने उचललं आणि थोरला मुलगा पाण्यात वाहून गेला. श्रावस्तीजवळ आल्यावर कळलं, की रात्रीच्या पावसात माहेरचं घर कोसळलं आणि आई-बाप-भाऊ एकाच चितेवर जळताहेत. तिचं भान सुटलं, अंगावरचं लुगडं कुठे गळून पडलं तेही तिला कळलं नाही. लोक तिला वेडी म्हणून ढेकळं मारत होते.

त्या अवस्थेत ती जेतवनात शिरली. लोक म्हणाले, तिला आत येऊ देऊ नका. बुद्ध म्हणाले, अडवू नका. ती जवळ आल्यावर ते एवढंच म्हणाले, की बहिणी, भानावर ये. ती भानावर आली, आपण उघड्या आहोत हे तिच्या लक्षात आलं आणि ती अंग चोरून खाली बसली. गर्दीतल्या एकाने आपलं उपरणं तिच्याकडे टाकलं. ते गुंडाळून ती पुढे झाली, तिने सगळं सांगितलं, आणि बुद्धांनी ते ऐकून घेतलं. अश्रूंची, समुद्राची, जन्मोजन्मीच्या शोकाची बोलणी तिथून पुढे सुरू होतात.

आत येऊ देणं, वस्त्र, ऐकणं, मग धम्म. मला जे शोधायचं होतं ते या क्रमात सापडलं. आणि त्या वस्त्र टाकणाऱ्या माणसाचं नावही गोष्टीत नाही.

क्रम चुकला तर काय होतं, तेही त्रिपिटकाने लपवलेलं नाही. मज्झिम निकायात पियजातिक सुत्त आहे. एका गृहस्थाचा एकुलता एक लहान मुलगा मेला. कामधंदा, खाणंपिणं सुटलं, रोज स्मशानात जाऊन तो 'बाळा, कुठे आहेस' म्हणून हाका मारायचा. तो बुद्धांकडे आला तेव्हा बुद्ध म्हणाले, की जे प्रिय असतं त्यातूनच शोक निर्माण होतो. गृहस्थाला ते मुळीच पटलं नाही. प्रिय माणसांतून तर आनंद मिळतो, असं म्हणत तो उठून गेला. जवळच काही जुगारी फासे टाकत बसले होते. त्यांना त्याने सगळं सांगितलं, तेही म्हणाले, बरोबर आहे बाबा तुझं, प्रिय माणसांतून आनंदच मिळतो. जुगाऱ्यांचं आणि आपलं मत एक आहे, या समाधानात तो घरी गेला.

हे वाचून मी मोठ्याने हसले, कित्येक महिन्यांत पहिल्यांदा. साक्षात बुद्धांचं वाक्य, तेही शंभर टक्के खरं, ताज्या जखमेच्या माणसाला लागू पडलं नाही. सुत्त पुढे मल्लिका राणी आणि प्रसेनजित राजाकडे वळतं. मल्लिका तेच वाक्य नवऱ्याच्या गळी उतरवते, पण प्रश्न विचारत विचारत: मुलगी वजिरी तुम्हाला प्रिय आहे ना? तिला काही झालं तर? मी प्रिय आहे ना? मला काही झालं तर? राजाला ते पटतं, कारण त्या वेळी त्याच्या घरात कोणी मेलेलं नसतं. अनित्याचा पाठ घरात सगळी माणसं असताना गिरवायचा असतो. मल्लिकेने तो वेळेवर करून घेतला. पुढे ती खरोखरच वारली तेव्हा प्रसेनजित बुद्धांजवळच बसलेला होता. कोणीतरी येऊन त्याच्या कानात सांगितलं आणि तो खांदे पाडून, मान खाली घालून, निःशब्द बसून राहिला. अंगुत्तर निकायात ही नोंद आहे.

पहिला बाण सगळ्यांनाच

मग बौद्ध विचार शोकाबद्दल नेमकं म्हणतो तरी काय? संयुत्त निकायातलं सल्लत्थ सुत्त याचं सगळ्यात नेमकं उत्तर देतं. माणसाला एक बाण लागला आणि लगेच त्याच्यावर दुसरा बाण मारला, तर त्याला दोन बाणांची वेदना होते. अजाण माणसाचं असं होतं: दुःख होतं, आणि त्या दुःखावर तो आणखी आक्रोश, संताप, विलाप उभा करतो. जाणत्याला एकच बाण लागतो. वाचताना सुटतं ते हे, की पहिला बाण जाणत्यालाही लागतो. त्यातून कोणालाच सूट नाही.

आनंदांचंच बघा. पंचवीस वर्षं सावलीसारखे बुद्धांबरोबर राहिलेले, सगळा उपदेश तोंडपाठ असलेले. कुसिनाऱ्याला बुद्धांची शेवटची वेळ जवळ आली तेव्हा ते विहारात जाऊन दाराच्या चौकटीला टेकून रडत उभे राहिले: मी अजून शिकतोच आहे आणि माझ्यावर माया करणारे शास्ता निघाले. बुद्धांनी त्यांना बोलावून घेतलं. इथे क्रम उलटा आहे. आधी अनित्याची आठवण, कारण आनंदांना ती नवी नव्हती. मग सगळ्या भिक्खूंसमोर त्यांच्या इतक्या वर्षांच्या सेवेचं तोंडभरून कौतुक. रडल्याबद्दल संघातून कोणी त्यांना नावं ठेवल्याचं तिथे आलेलं नाही.

खुद्द बुद्धांबद्दलची एक नोंद मला फार मोलाची वाटते. सारिपुत्त आणि मोग्गल्लान हे दोन अग्रशिष्य त्यांच्या आधी गेले. गंगेकाठी उक्काचेल इथे भिक्खू जमले असताना बुद्धांनी शांतपणे सभेवरून नजर फिरवली आणि म्हणाले, की ते दोघे नसल्याने ही सभा मला रिकामी वाटते. त्याच बोलण्यात पुढे असंही येतं, की तथागताला याचा शोक नाही, विलाप नाही. ही दोन्ही विधानं एकत्र वाचायला हवीत. रिकामी जागा दिसते. ती भरलेली आहे असं भासवायचं नाही, आणि ती रिकामी का म्हणून भांडायचंही नाही. अनासक्तीची एवढी स्पष्ट व्याख्या मला दुसरीकडे मिळाली नाही.

अलीपूर रोडवरचे बाबासाहेब

दिल्लीत सिव्हिल लाइन्सला २६, अलीपूर रोड. मंत्रिपदाचा राजीनामा दिल्यावर १९५१ पासून शेवटपर्यंत बाबासाहेब इथे राहिले. जुनी कोठी आज नाही. तिथे उघड्या पुस्तकाच्या आकाराचं राष्ट्रीय स्मारक आहे, १३ एप्रिल २०१८ ला त्याचं उद्घाटन झालं. ६ डिसेंबरला इथे दिल्ली, हरियाणा, पश्चिम उत्तर प्रदेशातून माणसं येतात. थंडी पडायला लागलेली असते, बायका शाली गुंडाळून लहान पोरांना प्रत्येक फलक वाचून दाखवतात. मी मराठीत पुटपुटले की शेजारची एखादी मेरठची बाई विचारते, "महाराष्ट्र से हो?" आणि लगेच जवळची होते.

६ डिसेंबर १९५६ च्या पहाटे बाबासाहेब या पत्त्यावर झोपेत गेले. आदल्या रात्री 'द बुद्ध अँड हिज धम्म'च्या प्रस्तावनेचे कागद त्यांच्या हाताशी होते, असं चरित्रकार सांगतात. ग्रंथ छापून आला १९५७ मध्ये. तो वाचताना मला नेहमी वाटतं, की शोक म्हणजे काय हे ज्याला पुस्तकातून शिकावं लागलं नाही अशा माणसाने तो लिहिला आहे. पाच अपत्यांपैकी एकटे यशवंत जगले. रमेश, गंगाधर, इंदू गेली. १९ जुलै १९२६ ला राजरत्न गेला, त्यानंतर मित्र दत्तोबा पवार यांना लिहिलेल्या पत्रातला बाबासाहेबांचा विलाप आजही वाचवत नाही. गंगाधरच्या वेळी कफनाला पैसे नव्हते आणि त्यांच्या पत्नी रमाईंनी आपल्या लुगड्याचा तुकडा फाडून दिला, ही आठवण आमच्या घराघरांत सांगितली जाते. २७ मे १९३५ ला रमाई गेल्या. त्यानंतर बाबासाहेबांनी डोकं भादरलं, भगवी वस्त्रं घातली, दिवसच्या दिवस खोलीत कोंडून घेतलं. पाच वर्षांनी 'थॉट्स ऑन पाकिस्तान' छापून झालं ते 'रामू'च्या स्मृतीला अर्पण करून. बॅरिस्टर, प्राध्यापक, लाखोंचा नेता, आणि बायकोसाठी हमसून रडलेला माणूस. आमच्यातलं कोणी 'रडू नका' म्हणालं की मी त्यांना बाबासाहेबांच्या 'राजगृह' या घरातली ती बंद खोली आठवायला सांगते.

या माणसाने बुद्धचरित्र लिहिताना एक गोष्ट केली. सिद्धार्थ मध्यरात्री झोपलेल्या बायको-मुलाकडे एक नजर टाकून गुपचूप निघून गेला, ही लोकप्रिय कथा त्यांनी स्वीकारली नाही. म्हातारा, रोगी आणि प्रेत पहिल्यांदा एकोणतिसाव्या वर्षी पाहून घर सोडलं, हेही त्यांना पटलं नाही. इतक्या वयापर्यंत मरण पाहिलंच नाही, असं कसं होईल? त्यांच्या ग्रंथात शाक्य आणि कोलीय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटा होतो, सिद्धार्थ युद्धाला विरोध करतो आणि परिव्रज्या पत्करतो. आणि जाण्याआधी तो घरात बोलतो. शुद्धोदन रडतात. यशोधरा मन घट्ट करून निरोप देते. राहुलला सांभाळायचं नसतं तर मीही आले असते, असं म्हणते. पुढे त्या ग्रंथात शोकात बुडालेल्या कुटुंबाचं वेगळं प्रकरणच आहे.

बाबासाहेबांच्या आधी धर्मानंद कोसंबींनी 'भगवान बुद्ध' या मराठी ग्रंथात हा धागा उकलला होता. मज्झिम निकायातल्या अरियपरियेसन सुत्तात बुद्ध स्वतःच सांगतात, की आई-वडील रडत होते, त्यांच्या चेहऱ्यावर अश्रू होते आणि मी घर सोडलं. म्हणजे सगळ्यांच्या देखत. मध्यरात्रीचा देखावा नंतरचा. हे गोव्याचे कोसंबी बुद्धांचा धम्म शिकण्यासाठी स्वतः १८९९ च्या शेवटी तरुण बायको आणि तान्ही मुलगी मागे ठेवून निघाले होते, त्यामुळे त्या अश्रूंची किंमत त्यांना वेगळी सांगावी लागली नसणार. अनासक्ती म्हणजे मागे राहणाऱ्यांकडे पाठ फिरवणं नव्हे, हे दोघांही मराठी लेखकांनी आपापल्या आयुष्यातून जोखून लिहिलं आहे.

६ डिसेंबरच्या रात्री बाबासाहेबांचं पार्थिव विमानाने मुंबईला नेलं. ७ तारखेला दादरला चितेपाशी लाखभर लोकांनी भदंत आनंद कौसल्यायन यांच्याकडून दीक्षा घेतली. बाप गेल्याचा आक्रोश चालू असताना माणसं हात जोडून पंचशील म्हणत होती. त्यांना कोणी गप्प बसवलं नाही. रडत रडतच त्यांनी शरण घेतलं.

तांब्याभर पाणी

आमच्याकडे मरण झालं की मृताला अंघोळ घालून पांढरी वस्त्रं नेसवतात. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर मेणबत्ती, अगरबत्ती लागते, बौद्धाचार्य त्रिशरण-पंचशील देतात. नोएडाच्या सेक्टर ९४ मधल्या स्मशानभूमीचं नाव 'अंतिम निवास' आहे. तिथे शेजारच्या चौथऱ्यावर पंडितजींचे मंत्र चालू होते आणि आमच्या चौथऱ्यावर पाली गाथा. गाझियाबादचे एक निवृत्त रेल्वे कर्मचारी बौद्धाचार्याचं काम करतात, तेच आले होते. त्यांची पाली हिंदी वळणाची, माझ्या माहेरची पाली वऱ्हाडी वळणाची. कानाला ते खटकलं आणि त्या अवस्थेतही मी मनात उच्चार दुरुस्त करत होते.

नंतर पुण्यानुमोदन. त्यात जलदान विधी असतो. ताटात एक वाटी ठेवायची, घरच्यांनी मिळून तांब्याला हात लावायचा आणि गाथा चालू असेपर्यंत वाटीत पाण्याची सलग धार धरायची. वाटी भरते, पाणी कडेवरून ताटात उतरत राहतं. गाथेचा भाव असा, की नद्या जशा वाहत जाऊन समुद्र भरतात, तसं इथे दिलेलं दान गेलेल्यापर्यंत पोहोचो. मुलगा, सून, मुलगी आणि मी, चौघांचे हात एका तांब्यावर होते. मुलाचा हात थरथरत होता, म्हणून धार सारखी तुटत होती. बौद्धाचार्य गाथा थांबवून म्हणाले, "कोई बात नहीं, टूटने दो, फिर से पकड़ो."

या विधीवरून आमच्यात वाद आहे, तो लपवण्यासारखा नाही. श्राद्ध, पिंडदान करणार नाही, अशी आमची प्रतिज्ञा आहे. मग जलदान हे मागच्या दाराने आलेलं श्राद्धच नाही का, असं तरुण पोरं विचारतात. मला विचाराल, तर गेलेल्याचं पोट भरण्यासाठी ते असेल तर सोडून द्यावं. गेलेल्याच्या नावाने जिवंत माणसाला काहीतरी द्यायला शिकवत असेल तर ठेवावं. आम्ही त्या दिवशी जवळच्या वस्तीतल्या अभ्यासिकेला पुस्तकं दिली. हे निवृत्तीनंतर तिथे मुलांना गणित शिकवायचे.

बौद्ध म्हटलं की एकच पद्धत, असंही नाही. दिल्लीत मजनू का टीला या तिबेटी वस्तीत गेलात तर तिथल्या मठात बटरचे दिवे तेवत असतात. तिबेटी परंपरेत मरणानंतर ४९ दिवसांचा काळ धरतात आणि दर सातव्या दिवशी प्रार्थना होते. चेतनेच्या पुढच्या प्रवासाबद्दलची त्यांची कल्पना आम्ही बाबासाहेबांचे अनुयायी मानत नाही. पण सात आठवडे, दर आठवड्याला, माणसं त्या घरी जातात. आपल्याकडे तेराव्यानंतर दार वाजत नाही.

सोनिपतचं कुरुक्षेत्र

महासतिपट्ठान सुत्त बुद्धांनी कुरुदेशात, कम्मासधम्म नावाच्या गावी सांगितलं. कुरुदेश म्हणजे आजची दिल्ली आणि तिच्या भोवतालचा हरियाणा-पश्चिम उत्तर प्रदेश. सोनिपतजवळचं कम्मासपूर हे तेच गाव, असं विपश्यना करणारे मानतात, आणि तिथे 'धम्म पट्ठान' हे केंद्र आहे. दुसरं मोठं केंद्र सोहन्याजवळ 'धम्म सोत'. इगतपुरीच्या धम्मगिरीशी नाळ जोडलेली ही केंद्रं सत्यनारायण गोयंका यांच्या परंपरेतली. राहण्या-जेवण्याचे पैसे घेत नाहीत, सगळं दानावर चालतं. सतिपट्ठान सुत्तात स्मशानात टाकलेल्या प्रेताकडे नऊ अवस्थांमध्ये पाहायला सांगितलं आहे, फुगलेलं, काळंनिळं पडलेलं इथपासून हाडांचा चुरा होईपर्यंत. गोयंकांच्या दहा दिवसांच्या शिबिरात मात्र प्रेत नसतं. सुरुवातीचे साडेतीन दिवस फक्त श्वास, चौथ्या दिवशी विपश्यना, म्हणजे अंगावरच्या संवेदना तटस्थपणे पाहणं, आणि या सगळ्या काळात मौन.

मी वर्षभर थांबून गेले. शोक माझ्या घशात होता, अगदी ठरलेल्या जागी, सुपारीएवढा. तो पाहत बसलं की सैल व्हायचा, मन दुसरीकडे गेलं की पुन्हा आवळायचा. बसता बसता एक लक्षात आलं. यांची आठवण आली की डोळ्यांत पाणी यायचं आणि ओसरायचं. ओसरत नव्हतं ते वेगळंच होतं: त्या रात्री मला जाग का आली नाही, आधी डॉक्टरकडे का नेलं नाही, हा मी स्वतःवर चालवलेला खटला. आठवण हा पहिला बाण होता. खटला मी रोज स्वतःच्या हाताने मारत असलेला दुसरा.

त्यामुळे वस्तूंशी मी आता भांडत नाही. यांचा मोबाइल नंबर मी चालू ठेवला आहे. सुरुवातीला गरजच होती. गॅस, वीज, बँक, सगळीकडे तोच नंबर, प्रत्येक ओटीपी त्या फोनवर. हळूहळू सगळं माझ्या नावावर झालं, तरी मी रिचार्ज करत राहिले. एका भंतेंना विचारलं, ही आसक्ती नव्हे का? ते हसले. म्हणाले, "एकदा तारीख जाऊ द्या आणि काय होतं ते बघा." मी तारीख जाऊ दिली. कंपनीचे इशारे आले, घसा आवळला, मी पाहत बसले, सैल झाला. मग मी उठून रिचार्ज केला. आधी तो न करण्याची भीती वाटायची म्हणून करत होते, आता मला करायचा आहे म्हणून करते. कधीतरी बंद करेन. घाई नाही.

विपश्यना हे शोकावरचं औषध म्हणून कोणी कोणाला ढकलू नये. केंद्राच्या अर्जातच मानसिक आजारांची विचारणा असते, गंभीर त्रास असलेल्यांनी येऊ नये असं स्पष्ट सांगतात. ताज्या शोकात दहा दिवस मौन काही जणांना झेपत नाही. आणि काही शोक ध्यानाने, वंदनेने, नातेवाइकांनी हलत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, आयसीडी-११ मध्ये, लांबलेल्या शोकाची आता वेगळी नोंद आहे: सहा महिने उलटूनही तीव्र ओढ किंवा वेदना तशीच राहते आणि रोजचं जगणं बंद पडतं, तेव्हा उपचाराची गरज असते. दिल्लीत एम्स आहे, दिलशाद गार्डनला इहबास आहे. देशात कुठूनही १४४१६ हा टेलि-मानसचा नंबर लावता येतो, पैसे पडत नाहीत. संघातल्या एका भिक्खूला हगवण लागली होती आणि तो स्वतःच्या घाणीत पडला होता, तेव्हा बुद्धांनी आनंदांना पाणी आणायला लावून त्याला आधी धुतलं आणि खाटेवर निजवलं. बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात आजाऱ्यांच्या सेवेला वेगळं स्थान दिलं आहे. डॉक्टरकडे जाण्यात धम्माचा कमीपणा होतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी तो भाग वाचावा.

शेजारीणबाईंचं काय झालं

लिफ्टमध्ये ते वाक्य बोललेल्या शेजारीणबाई त्याच संध्याकाळी थर्मास घेऊन आल्या. पुढे रोज येत राहिल्या. मी बोलत नसेन तर त्या स्वेटर विणत बसायच्या. त्यांचा मुलगा माझ्या मुलाला घेऊन मृत्यूच्या दाखल्यासाठी गेला, २१ दिवसांच्या आत नोंद करायची असते हे आम्हाला कुठे सुचत होतं. फॅमिली पेन्शनच्या कागदांच्या झेरॉक्स त्यांनीच काढून आणल्या. बुद्धांबद्दल त्यांना एवढंच माहीत, की आमच्यात रडत नाहीत. आणि मी रडले की त्या मुकाट्याने पाण्याचा ग्लास पुढे करायच्या. माझा संताप भावावर का आणि त्यांच्यावर का नाही, याचं उत्तर हेच. भावाने धम्म आधी दिला. शेजारणीने आधी वस्त्र दिलं, धम्म तिच्याकडे नव्हताच. (भाऊ पुढे आला, महिनाभर राहिला, घरातले सगळे गळके नळ त्याने दुरुस्त केले. त्यानंतर त्याचं अनित्य मला छान समजलं.)

पटाचारा पुढे भिक्खुणी झाली. पाय धुताना तांब्यातलं पाणी ओतलं, पहिली धार थोडं अंतर जाऊन मुरली, दुसरी जरा पुढे, तिसरी त्याहून पुढे. कोणी लवकर जातं, कोणी उशिरा, हे तिला त्या पाण्यात दिसलं. त्यानंतर तिच्याकडे माणसं यायला लागली. थेरीगाथेत पाचशे स्त्रियांच्या नावाने गाथा आहेत, मुलं गमावलेल्या बायका, ज्यांना पटाचाराने सावरलं. जिला उपरणं मिळालं तिने पाचशे जणींना दिलं. बौद्ध विचारात शोकाचा शेवट असतोच, तर तो इथे असतो, असं मला वाटतं. तो विसरण्यात सापडत नाही. दुसऱ्या कोणाच्या दारात जाण्यात सापडतो.

म्हणून आता सोसायटीत कुठेही मरण झालं की मी जाते. जाताना चहा, बिस्किटं आणि दाखल्याच्या अर्जाची प्रत नेते. घरातल्या पोरांनी खाल्लं का ते बघते, गेलेल्या माणसाचं नाव घेऊन बोलते, कारण इतर लोक ते टाळतात. दोन महिन्यांनी पुन्हा जाते, कारण तोपर्यंत सगळे थांबलेले असतात. अनित्य हा शब्द मी उच्चारत नाही. ज्याच्या घरात माणूस मेलं आहे त्याला तो माझ्यापेक्षा चांगला माहीत असतो. धम्म सांगायचाच असेल, तर त्याच्यानंतर, आणि विचारला तर.